तिसऱ्या कडव्यातली चूक

स्पीकर पसंत पडले नाहीत तर दुकानात परत देता येतात. किस्से परत देता येत नाहीत, ते घरातच साठतात! आमच्या सिंगापुरातल्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये वर्षभरात स्पीकरच्या तीन जोड्या आल्या आणि तीनही परत गेल्या. चौथीचं शेवटी सांगते. किस्से मात्र एवढे जमलेत की चार बायका भेटल्या की मला सांगायला लावतात. निम्म्या किश्शांत मीच मूर्ख ठरते, ते आधीच सांगून ठेवते.

मंडळी तीनच. एक आमचे हे. तुआसच्या जहाजांच्या यार्डात फिटर म्हणून आले, पत्रा ठोकता ठोकता सुपरवायझर झाले. दुसरे खरात भाऊजी, चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत आहेत. तिसरा वानखेडे, युनिव्हर्सिटीत संशोधन करतो. वयाने लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. दर रविवारी विहारातली वंदना आटोपली की तिघं आमच्याकडे. "स्पीकर टेस्ट करायचेत, वहिनी!" चहा, पोहे, परत चहा. टेस्ट माझीच व्हायची.

*

खरात भाऊजी बँकेतला माणूस. त्यांनी टेस्टच्या गाण्यांची एक्सेल शीट केली. हे गाणं बाससाठी, हे बाईच्या आवाजासाठी, हे ढोलकीसाठी. प्रत्येकाला दहापैकी मार्क. शेवटचा रकाना 'वहिनींचं मत'.

"बोला वहिनी, काय लिहू?"

"चहा गार होतोय!"

त्यांनी तेच टाइप केलं. पुढच्या जोडीलाही तेच, त्याच्या पुढच्या जोडीलाही तेच. आजही ती शीट उघडली तर तिन्ही जोड्यांबद्दल माझं एकच मत आहे!

*

वानखेडेचं टेस्टचं म्युझिक म्हणजे ढगांचा गडगडाट. गाणं नाही, बोल नाही, नुसता गडगडाट! त्या दिवशी माझी बरणी फडताळात नाचली. पाच मिनिटांत दारावर थापा. वरच्या मजल्यावरची चायनीज आंटी. मी पदर खोचूनच दार उघडलं.

"व्हॉट? संडे आफ्टरनून, व्हॉट प्रॉब्लेम?"

आंटीने पिशवीतून एक सीडी काढली. "ट्राय माय वन, कॅन?"

दोन तास बसली! तिच्या तरुणपणाची गाणी लावली, डोळे पुसले, पोह्यांवर वरून मिरची घेतली. जाताना दारात मला हळूच म्हणाली, "युअर हजबंड सिट सो निअर. व्हाय आह?"

आमचे हे स्पीकरला गाल लावून बसले होते. मी म्हटलं, "ही लाइक."

परक्या बाईला एका दुपारी दिसलं. मी रोज त्यांच्यासोबत जेवते.

*

आता ह्यांचं टेस्टचं गाणं. ते कुठल्या दुकानात मिळायचं नाही. माझ्या मामाची गायन पार्टी होती. जयंतीला गावोगाव जायची. मामा गायचे, आम्ही पोरी कोरसला, आणि मी झांज वाजवायची. एका कार्यक्रमाची कुणीतरी कॅसेट केली होती. त्यात तिसऱ्या कडव्यात माझा एक ठोका चुकला आहे. कारण पहिल्या रांगेत बसून एक माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याच माणसाने ती कॅसेट मागून नेली आणि वर्षभरात मलाही मागणी घातली!

कॅसेटचं पेन ड्राइव्ह झालं, पण ह्यांची टेस्ट तीच राहिली. येईल त्याला सांगायचे, "तिसऱ्या कडव्यात झांजेचा एक ठोका गळतो. ती चूक ऐकू आली तर स्पीकर खरा!"

मी एकदा चिडले. "ऐकवा, सगळ्या सिंगापूरला माझी चूक ऐकवा!"

हे म्हणाले, "अगं, उभ्या जन्मात तुझी एकच चूक पुराव्यासकट माझ्याकडे आहे. ती पण ऐकू नको?"

*

पहिली जोडी आली. हे ऐकून म्हणाले, "झांजच येत नाही यात." परत.

दुसरी आली. "हिच्यातही झांज नाही." परत.

मी तिकडे ओट्यापाशी कांदा चिरत होते. मला झांज लख्ख ऐकू येत होती, चुकीसकट! म्हटलं, या माणसाला नखरे सुचायला लागलेत. हॉलमध्ये डोकावले तर खरात भाऊजी वानखेडेकडे बघत होते आणि वानखेडे पायातल्या मोज्यांकडे.

"ट्रेबल जरा कमीच आहे," खरात भाऊजी म्हणाले.

"हो, कमीच आहे," वानखेडे म्हणाला.

शिकलेली माणसं सांगतायत म्हटल्यावर मी परत कांदा चिरायला गेले.

*

हा किस्सा सांगितला की बायका पोट धरून हसतात. कुकर लावून मी खाली मार्केटला निघाले. ह्यांना बजावलं, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." परत आले तर लिफ्टमध्येच वास! डाळीचा कोळसा, आणि हे सहा पावलांवर पेपर वाचत बसलेले.

"किती शिट्ट्या झाल्या?"

"एकही नाही झाली अजून!"

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्या आधी दोन-तीन वर्षं हे अधूनमधून म्हणायचे, "कानात सारखी शिट्टी वाजतेय गं." आणि मी म्हणायची, "कुकरची असेल."

*

तिसरी जोडी आली. गाणं लावलं, हे पुढे सरकले, गाल लावला. मान हलवून म्हणाले, "नाही. झांज नाही."

माझं टाळकं फिरलं. सगळ्यांसमोर ओरडले, "स्पीकर काय बदलताय? कान बदलून आणा!"

माझ्या प्रत्येक टोमण्याला वानखेडे आधी हसतो. त्या दिवशी हसला नाही. खरात भाऊजींनी कप खाली ठेवला. ह्यांनी उठून स्वतःच प्लग काढला आणि वायरी गुंडाळायला घेतल्या. वायर गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही.

दोन दिवसांनी पेन ड्राइव्हच्या डब्यात घडी घातलेला कागद सापडला. इंग्रजी. मी चौथी पास, म्हणून मुलापुढे धरला. सुजितने एक नजर टाकली. कान तपासल्याचा रिपोर्ट होता.

"आई, पप्पा कान्ट हिअर द हाय साउंड, लाह. थ्री इयर्स ऑलरेडी!"

यार्डात कानात घालायला प्लग असतात. पण क्रेनवाल्याची हाक ऐकू यावी म्हणून हे एक काढून ठेवायचे. मला ठाऊक होतं. मीच कौतुकाने सांगायची, "आमचे हे सगळ्यांकडे लक्ष ठेवतात!"

*

खरात भाऊजींना फोन लावला. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या जोडीपासून, वहिनी."

"मग तुमच्या त्या शीटमध्ये लिहायचं होतं!"

"तेवढा एक रकाना ठेवला नाही," ते म्हणाले.

कानाच्या मशीनचं हे नावच काढू देईनात. "यार्डात डोक्यावर हेल्मेट, घरी कानात मशीन. मी मोकळा कधी राहू?" आणि मला तर माफी मागता येत नाही. चौथीपर्यंत तो धडाच नव्हता. चार वेळा तोंड उघडलं, चारही वेळा "भाजी वाढू का?" एवढंच निघालं.

*

मग चौथी जोडी. ही मीच आणवली.

ट्रंकेतून झांज काढली. दोर कुजला होता, नवा ओवला. पंधरा दिवस हे तुआसला गेले की दार लावून सराव केला. आंटी एकदा थापा मारायला आली, तिला सगळं सांगितलं. नंतर रोज जिन्यात भेटली की म्हणायची, "टुडे बेटर!"

रविवारी खरात भाऊजींनी ह्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या पडद्याकडे पाठ करून ठेवली. वानखेडेने गाणं लावलं. पडद्यामागे मी, ह्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर, झांज घेऊन. मामांचा आवाज आला, ढोलकी आली, आणि मी ठेका धरला. कॅसेटमधल्या पोरीच्या बरोबरीने, जोरात. पडद्याच्या फटीतून ह्यांची मान दिसत होती. डोलायला लागली.

पहिलं कडवं. दुसरं. तिसऱ्याला मी दोर घट्ट धरला. कॅसेटमधली पोरगी चुकली. मी नाही चुकले! एकही ठोका गळू दिला नाही.

गाणं संपलं. खरात भाऊजींनी घसा साफ केला. "मग? आली का झांज?"

"आली की. लख्ख आली," हे म्हणाले. मागे वळले नाहीत. "पण हे स्पीकर परत द्या."

"का हो?"

"चूक गाळतात."