दुखवट्यात सुचविलेले गाणे

श्रीगणेश आणि वाग्देवी यांच्या चरणी मस्तक ठेवून लिहितो. आमच्या ग्रंथालयाच्या वार्षिक अंकासाठी संपादकांनी एक पुस्तक, एक टीव्ही कार्यक्रम आणि एक गाणे सुचवा, असे कळविले. मी निवृत्त ग्रंथपाल. सुचविणे हाच माझा व्यवसाय होता. म्हणून एका शिफारशीची हकिगतच सांगतो.

जनाबाईंनी पुस्तक काउंटरवर ठेवले, पण हात उचलला नाही. "गुरुजी, हा परत घ्या. मना न्हाय वाचवत."

काउंटर म्हणजे देवघेव विभाग. पुस्तके तेथूनच जातात आणि तेथेच परत येतात. जनाबाई दापोड्याच्या. पती पूर्वीच निवर्तलेले. एकुलता एक मुलगा नीलेश गोदामात फोर्कलिफ्ट चालवी आणि फावल्या वेळात रॅप करी. रॅप म्हणजे तालावर वेगाने म्हटलेली यमकबद्ध रचना. त्या वर्षी माघात ड्युटीवरून परतताना त्याच्या मोटारसायकलला कंटेनरची धडक बसली. हे पुस्तक जनाबाईंच्या दिरांनी नेले होते, वहिनींना धीर यावा म्हणून. विषय वैराग्य.

"त्यात लिवलंय, कोनी कोनाचा नसतो. मंग इतकी वर्सां मी ताटात कोनाला वाढत व्हते?"

मी पुस्तक जमा करून घेतले. "दुसरे काही देऊ का?"

"वाचायला नको. एक इचारायचा हाय. नारपोलीचा सलीम, नीलेशचा दोस्त, तो म्हनतो, चाची, नीलेशचा गाना तुमच्या मोबाईलमदी टाकू? नीलेश लई येळा म्हनायचा, आई, एकदा आयक. मी म्हनायची, भांडी होऊ दे." त्या थांबल्या. "भावजी म्हनतात, वरीस सरेपर्यंत घरात टीव्ही न्हाय, गाना न्हाय. लावला तर त्याचा जीव अडकून ऱ्हाईल. आयकू का नको?"

मुलाचा आवाज हवा होता, आणि त्या आवाजाने त्याचीच वाट अडेल ही भीतीही तितकीच खरी होती. मी धर्मशास्त्र शिकलेला. म्हणून निवाडा माझ्याकडे आला होता.

ग्रंथपालाने स्वतः चाळल्याशिवाय पुस्तक सुचवू नये, असा आमचा नियम. मी म्हणालो, "आधी मला ऐकू द्या."

सलीम लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करतो. शिफ्ट सुटल्यावर आला. केसांत सुताचे तंतू तसेच होते.

"सर, आप रॅप सुनेंगे?" त्याने हेडफोन पुसून दिला. "गाली एकच आहे. ती पण सेठला."

ताल लूमचाच होता. सलीमने आपल्याच खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, रेकॉर्ड केलेला. त्यावर नीलेश म्हणत होता :

दापोड्याच्या गोदामात माल साऱ्या जगाचा,
एक खोका घरी न्हाय माझ्या आईच्या भागाचा.

ते गोदाम त्याच्या आजोबांनी विकलेल्या भातशेतीवर उभे आहे.

"कैसा है?" सलीमने विचारले.

"चोख आहे. यमक कुठेही सुटलेले नाही."

"उसको बोलना था, सर."

मी गाणे पुन्हा लावायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी जनाबाईंना म्हणालो, "दुखवट्यात उत्सव वर्ज्य आहे. मुलाने आईला सांगितलेले ऐकणे हा उत्सव नव्हे."

"आनि त्याचा जीव?"

"अडकला असेल, तर न ऐकलेल्या शब्दांत अडकला असेल."

"भावजींना काय सांगू?"

"त्यांना माझ्याकडे पाठवा."

दीर आले नाहीत. काही दिवसांनी जनाबाईच आल्या. "आयकला. पुन्ना पुन्ना आयकला. काय बी कळला न्हाय. जेवताना पन असाच भरभर बोलायचा, घास गिळ आदी म्हनायची मी. तुमी हळू सांगा."

पाठांतर ही माझ्या शिक्षणाची टिकलेली कमाई. गाणे तोवर मुखोद्गत झाले होते. काउंटरवर उभा राहून, प्रत्येक चरणाअंती थांबत, मी ते संथ म्हटले. शिवी गाळली. रांगेतील वाचक पुस्तके हातात धरून उभे राहिले.

"माजा भाग कशाला मोजीत बसला," जनाबाई म्हणाल्या. "मी कवा मागितला?" मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुमचा आवाज देवळातला हाय, गुरुजी. त्याच्यासारका न्हाय."

"नाही," मी म्हणालो.

आता संपादकांचे मागणे. पुस्तक : ज्याला वाचायचे आहे त्यानेच निवडलेले, दुसऱ्याच्या दुःखासाठी परस्पर नेलेले नको. टीव्हीवर समुद्रतळाच्या माशांचे कार्यक्रम पाहावेत. वर्षश्राद्धानंतर जनाबाई तेच लावतात. नीलेश तेच पाहत असे. आणि गाणे म्हणाल, तर आपल्या घरातील जो कोणी 'एकदा ऐक' म्हणत असेल, त्याचे. भांडी नंतर होतील.

वाचकहो, आपल्या घरात हाक मारणारा आणि ओ देणारा, दोघेही दीर्घायुषी होवोत. भगवंत आपल्या कुटुंबाचे रक्षण करो.