नायाचं खाचर

गेल्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान, माझ्या मित्राने शहापुरात तीन माणसांपुढे माझी ओळख स्वतःची म्हणून करून दिली. मी त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो होतो. दाराची कडी लागत नव्हती, त्यामुळे दार बोटभर उघडं राहत होतं. पुढचा नंबर माझा होता.

एका संस्थेला शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतली शेतांची, ओढ्यांची आणि पायवाटांची बोलीतली नावं गोळा करण्यासाठी एक माणूस हवा होता. काम दोन वर्षांचं, जागा एक. अर्जात पदवी, जात, गाव, नोकरी यांपैकी काहीही लिहायचं नव्हतं. एकच सूचना होती: तुमचे छंद, तुमचे विश्वास आणि तुमची विचार करण्याची रीत, यांतून स्वतःची ओळख करून द्या. मुलाखतीतही तेच, तोंडी, दहा मिनिटांत.

मी मुरबाडला एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. शेतांची नावं मी त्याआधी सहा वर्षं रविवारी लिहून घेत होतो. कुणी सांगितलं नव्हतं. जाहिरात वाचली तेव्हा हे काम आपल्यासाठीच निघालं आहे असं मला वाटलं आणि ती जागा मला हवी होती.

मित्र शहापूरचा. आम्ही दोघं कल्याणला एकाच टेबलावर बातमी लिहायला शिकलो. तिथले वरिष्ठ म्हणायचे, कोण, काय, कधी, कुठे एवढं लिहा, तुम्हाला काय वाटलं ते घरी सांगा. दोन वर्षांनी मित्राने बातमीदारी सोडली आणि भिवंडीच्या एका गोदामात नोकरी धरली. मैत्री राहिली. माझ्या लग्नात मुलाकडचा म्हणून पुढे तोच होता. रविवारी वाड्या फिरायला मोटरसायकल त्याची असायची. मी मागे बसायचो.

जाहिरातीचं मीच त्याला सांगितलं. एकच जागा आहे, हेही सांगितलं.

"असू दे रे," तो म्हणाला. "तुला मिळाली काय नि मला मिळाली काय, घरातच."

अर्ज लिहायला तो एका रविवारी माझ्याकडे मुरबाडला आला. सोबत आसनगाव स्टेशनावरून गरम घेतलेली भजी होती, ती निवली होती.

"छंद काय लिहू?"

"आहेत ते लिही."

"मला कसला आलाय छंद? सकाळी आसनगाव, संध्याकाळी आसनगाव."

माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "भावजी, झोप लिहा. तुमी आमच्याकडं आलात की तेवढंच करता."

"वहिनी, तो छंद नाय, तो विश्वास आहे."

शेवटी त्याचा अर्ज मी लिहिला. त्याच्या वडिलांचं शहापुरात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सायकलचं चाक हवेत फिरवून नुसत्या आवाजावरून कुठला स्पोक ढिला आहे हे तो सांगतो. हे मी पाहिलेलं होतं. बिघाड शोधायची त्याची ती रीत आहे, असं मी लिहिलं. त्याने सही केली.

मग मी माझा अर्ज त्याला वाचून दाखवला. त्यात तीन गोष्टी होत्या.

पहिली, छंद. आमच्याकडे भाताच्या प्रत्येक खाचराला नाव असतं. सातबाऱ्यावर ते नसतं, तिथे गट नंबर असतो. घरातली म्हातारी माणसं गेली की नाव जातं. माझ्या वहीत त्या दिवसापर्यंत चारशेच्या वर नावं झाली होती.

दुसरी, विचार करण्याची रीत. माझे वडील एकदा श्रावणात वैशाखऱ्याच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि घराकडे निघाले. अर्ध्या तासाची वाट. दुपारचं धुकं इतकं होतं की पुढचं झाड दिसत नव्हतं. ते तीन तास चालत राहिले आणि तीनदा त्याच खडकापाशी आले. चकवा लागला, हे त्यांनी ओळखलं. खाली बसले, सदरा काढला, उलटा करून अंगात घातला, उठले आणि घरी आले. त्यानंतर ते त्या वाटेने कधी एकटे गेले नाहीत. मी मोठा झाल्यावर ती वाट चार वेळा चाललो आणि कागदावर काढली. वडील म्हणाले होते की धुक्यात काही दिसेना म्हणून त्यांनी ओढ्याचा आवाज सतत डाव्या हाताला ठेवला. उन्हाळ्यात पाहिलं तर ओढा मधल्या टेकाडाला तीन बाजूंनी वळसा घालतो. चौथी बाजू कोरडी असते. पावसाळ्यात त्या चौथ्या बाजूला खाचरांचं पाणी बांधावरून पडतं, त्याचाही आवाज होतो. म्हणजे पाणी डाव्या हाताला ठेवून चालणारा माणूस टेकाडाभोवती फिरत राहणार.

तिसरी, विश्वास. मी तो कागद वडिलांना दाखवला. त्यांनी बोट फिरवून वाट पाहिली आणि म्हणाले, "आसंल. तू म्हन्तोस तसंच आसंल. पन मी सदरा उलटा केला नि वाट गावली, ते काय खोटं नाय." मी कागदाच्या मागच्या बाजूला त्यांचं ते वाक्य तारीख घालून लिहिलं. एखाद्या गोष्टीचं कारण सापडलं म्हणून ती ज्याच्यावर गुदरली त्याची साक्ष खोडायची नाही, हा माझा विश्वास. पुढच्या वर्षी वडील गेले.

मी वाचून संपवलं तेव्हा मित्र म्हणाला, "बाबांचं परत वाच."

मी परत वाचलं.

मंगळवारी मी मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत एसटीने शहापूरला पोचलो. मित्र आधीच आला होता. मुलाखत एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती. दोघांचे अर्ज मीच नेऊन दिले होते आणि देताना त्याचा वर ठेवला होता, त्यामुळे त्याचा क्रमांक माझ्या आधी लागला. तो आत गेला. समितीत एक निवृत्त प्राध्यापक बाई, संस्थेचे एक गृहस्थ आणि टिपणं घेणारी एक तरुण मुलगी होती.

सुरुवातीला तो सायकलच्या चाकाबद्दल बोलला. ते एका मिनिटात संपलं. बाईंनी विचारलं, "आणखी?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे प्रत्येक खाचराला नाव असतं."

पुढची आठ मिनिटं मी माझा अर्ज ऐकला. तो माझ्यापेक्षा चांगला बोलत होता. जिथे मी लिहिताना वाक्य तोडलं होतं तिथे तो थांबत होता. चकव्याच्या वेळी त्याने, टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला त्यावरून, टेकाड आणि ओढा हातांनी करून दाखवला असावा. तो म्हणाला, "माझे वडील." तो म्हणाला, "पुढच्या वर्षी ते गेले." बाई हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या, ते मला कळलं नाही.

त्याचे वडील हयात आहेत. त्या वेळी ते त्यांच्या दुकानात होते. दुकान वाचनालयापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

मग गृहस्थांनी एखादं वेगळं नाव सांगायला सांगितलं. मित्र म्हणाला, "उंबरमाळीच्या बाजूला एका वाडीत एक खाचर आहे. त्याचं नाव नायाचं. नाया नावाची बाई होती, तिला माहेरनं दिलेलं."

टिपणं घेणाऱ्या मुलीने नाव परत विचारून लिहून घेतलं.

हे नाव माझ्या वहीत आहे आणि ते चूक आहे. त्या वाडीत मी एका म्हातारीला बांधावरून ओरडून विचारलं होतं, याचं नाव काय? ती वाकलेली होती, वर न बघता म्हणाली, "नाय याचं." मी लिहिलं, नायाचं. वर्षभराने पुन्हा गेलो आणि तिला विचारलं, ही नाया कोण? ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "नाय म्हंजे नाय रे बाबा. सगल्यांना नाव आहे, यालाच नाय." मी घरी येऊन नव्या वहीत दुरुस्ती केली. मित्राकडे जुन्या वहीच्या पानांचे फोटो होते, मीच पाठवलेले. दुसऱ्या खेपेला तो बरोबर नव्हता.

बाईंनी विचारलं, "नोंदी तुम्ही स्वतः लिहिता?"

"नाय मॅडम. माझं अक्षर वाईट. मुरबाडचा मित्र आहे, तो उतरवून देतो. त्याचं अक्षर चांगलं आहे."

तो बाहेर आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "जा, बोलावतायत," आणि जिना उतरला.

माझा अर्ज बाईंच्या पुढ्यात होता. त्यांनी तो दोनदा चाळला.

"हे आम्ही आत्ताच ऐकलं," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "ते माझं आहे."

"ते तुमचे मित्र?"

"हो."

"नोंदी तुमच्या अक्षरात आहेत, हे त्यांनी सांगितलं. ते त्यांनी लपवलं नाही."

माझ्या पिशवीत दोन्ही वह्या होत्या. त्या बाहेर काढून उपयोग नव्हता. त्यांत फक्त माझं अक्षर होतं आणि अक्षराचा हिशेब त्याने आधीच मिटवला होता.

मी म्हणालो, "नायाचं हे नाव चूक आहे." आणि म्हातारीचं सगळं सांगितलं. ज्याने ऐकलं त्याच्याच कानाची ही चूक असू शकते, आणि ती दुरुस्त झाली हे ज्याला माहीत नाही तो दुसऱ्या खेपेला तिथे नव्हता, असा माझा युक्तिवाद होता. मला तो पुरेसा वाटला.

गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडून उतरवताना चूक झाली."

टिपणं घेणारीने ते लिहिलं.

माझ्याकडे आणखी एक वाक्य होतं. मघाच्या उमेदवाराचे वडील जिवंत आहेत, जाऊन विचारा. गृहस्थांनी कुणाला तरी पाठवलं असतं. म्हाताऱ्या माणसाला ग्रीसचे हात पुसत त्या जिन्यावरून वर यावं लागलं असतं आणि तीन अनोळखी माणसांनी त्याला विचारलं असतं की तुम्ही त्याचे वडील का. शिकाऊ असताना कल्याणहून मुरबाडची शेवटची एसटी चुकली की मी त्यांच्याकडे जेवत असे. मी ते वाक्य बोललो नाही.

बाई म्हणाल्या, "बरं. ते बाजूला ठेवू. स्वतःबद्दल दुसरं काही सांगा. सहा मिनिटं आहेत."

मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. समितीच्या टिपणाची प्रत मी नंतर अर्ज करून मागवली. त्यात माझ्या नावापुढे लिहिलं आहे: दुसरं काही सांगू शकले नाहीत.

खाली रस्त्यापलीकडे मित्र चहाच्या टपरीवर उभा होता. त्याने दोन चहा सांगितले होते.

"काय म्हणाले?"

"अक्षर चांगलं आहे म्हणाले."

"ते आहेच."

"तुझे वडील कधी वारले?"

त्याने ग्लास खाली ठेवला. "बोलताना आलं तोंडात. एकदा बाबा म्हटलं मग मागं कसं येणार?"

"तुझा अर्ज होता ना."

"चाकाचा? ती बाई घड्याळ बघत होती. एका मिनिटात संपलो रे मी. अकरा वर्षं तुझं ऐकतोय, माझ्याकडे तेच होतं."

"ते खरं होतं, चाकाचं."

"खरं होतं, पण फुसकं होतं. आणि तू काय एकटा गेलास सगळीकडे? गाडी कुणाची होती? उंबरमाळीला पंक्चर झाली तेव्हा ढकलत कुणी आणली?"

"तू."

"मंग?"

टपरीवाल्याने दोघांच्या मध्ये बिस्किटांची बरणी ठेवली. कुणी हात लावला नाही.

"उतरवून देतो, हे कधी ठरवलंस?" मी विचारलं. "तेही बोलताना आलं?"

त्याने चहाचे पैसे दिले. तो म्हणाला, "तुला नोकरी आहे. छापून येतं तुझं. मला दोन वर्षं तरी त्या गोदामातनं सुटू दे." मग म्हणाला, "आमच्या बाबांना सांगू नको."

किन्हवलीमार्गे जाणारी एसटी लागली होती. मी गेलो. घरी बायकोने विचारलं, भावजींची कशी झाली? चांगली झाली, असं मी सांगितलं. बाकीचं तिला चार दिवसांनी सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही त्याला परत का वाचून दाखवलंत? मी म्हणालो, त्याने सांगितलं म्हणून.

दहाव्या दिवशी संस्थेने निकाल कळवला. मी दोन पानी पत्र लिहून हरकत घेतली. पत्रात वडिलांचा मृत्यू दाखला जोडला, नव्या वहीतल्या दुरुस्तीची प्रत जोडली. मित्राच्या वडिलांचा उल्लेख केला नाही. पत्राची पोच माझ्याकडे आहे. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दाखल्यावरून माझे वडील वारले एवढंच सिद्ध होतं आणि निवड कायम आहे, असं त्यात होतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मित्र कामावर रुजू झाला.