लाईट बिलांच्या मागचा पाचवा भाग

बसा, चहा उकळतोय. तोवर लासूर स्टेशनात, म्हणजे माझ्या सासुरवाडीत, मला लोक नावानं का हाक मारत नाहीत, 'पाचव्या भागाचे जावई' का म्हणतात, ते सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून ऐकाल तर त्यात मीठमसाला घालतील. माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

मला वाचायचा नाद आहे. पण शहाणी माणसं वाचतात तसली चरित्रं-बिरित्रं नाही. मला लागतात उडणारे साप, बोलणारी झाडं, शापित तलवारी आणि पुस्तकाच्या सुरुवातीला एक नकाशा. नकाशा नसला की मला चुकल्यासारखं होतं. आता त्रेचाळीस वर्षांच्या, सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला हे शोभतं का? नाही शोभत. पण करता काय?

वाचण्याइतकंच मला वाट बघायलाही आवडतं. माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर 'येणारी पुस्तकं' अशी यादी असते. त्या यादीत चार वर्षं सगळ्यात वर एकच नाव होतं. 'काळ्या नदीचे पहारेकरी', भाग पाचवा आणि शेवटचा. चौथ्या भागाच्या शेवटच्या पानावर राणीची सावली चोरीला जाते. चोरली कुणी? लेखक तिथंच थांबला, तो थांबलाच. त्या चार वर्षांत आमचा फ्रीज बदलला, मला जवळचा चष्मा लागला, कचेरीत तीन साहेब आले-गेले. सावलीचा काही तपास नाही.

इकडे घरात वेगळीच भानगड झाली होती. घराला रंग द्यायचा म्हणून सामान हलवलं, तेव्हा माझ्या बायकोनं, वैशालीनं, मी आणून न वाचलेली सगळी पुस्तकं पलंगावर ओळीनं मांडली. बावीस निघाली.

"अहो, ही कधी वाचणार?"

"वाचणार ना."

"मग ही संपेपर्यंत तेविसावं घरात यायचं नाय. कबूल?"

मी कबूल म्हणालो. पाचवा भाग येईल असं तेव्हा लेखकालाही वाटत नव्हतं, मला कुठून वाटणार?

आणि नेमकं त्याच महिन्यात माझे सासरे निवृत्त झाले. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. लासूर स्टेशनात शाळेवर मुख्याध्यापक होते. गावातल्या बुद्धविहारात त्यांचा निरोपाचा कार्यक्रम ठरला आणि पत्रिकेवर अण्णांनी स्वतः मजकूर घातला: हार-तुरे, शाल-नारळ आणू नये. प्रत्येकानं एक पुस्तक आणावं, पहिल्या पानावर आपल्या हातानं दोन ओळी लिहाव्यात. सगळी पुस्तकं विहारातल्या नव्या वाचनालयाला जातील.

अण्णांची आणखी एक सवय सांगून ठेवतो, पुढं लागेल. ते काहीही वाचलं की त्याखाली तात्पर्य लिहितात. चाळीस वर्षं पोरांकडून लिहून घेतलं, हात आता थांबत नाही. एकदा आमच्या लाईट बिलाखाली लिहून गेले होते, 'तात्पर्य: गीझर कमी वापरावा.'

तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी इथं संभाजीनगरात, औरंगपुऱ्यात, अण्णांसाठी पुस्तक घ्यायला गेलो. रफिकभाईंचं दुकान माझं नेहमीचं. जुन्या बारवांवरचं एक छान पुस्तक निवडलं. रफिकभाईंनी ते बाजूला ठेवलं आणि गल्ल्याखालून एक जाडजूड काहीतरी काढलं.

"आ गया साब, तुम्हारा नदीवाला. एकच बचा था. सुबह से छुपा के रखा मैं."

पाचवा भाग. कोरा. मी उघडला, वास घेतला, नकाशा बघितला. नकाशात आता नदीच्या पलीकडचाही मुलूख होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण आलं.

माझी एक खोड आहे. नवं पुस्तक हातात आलं की त्याच्या पहिल्या पानावर त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. दुकानातच, रफिकभाईंच्याच पेनानं. तसं मी लिहिलं. काय लिहिलं ते तुम्हाला लवकरच कळेल, सगळ्या गावाला कळलं तसं.

मग मला हुशारी सुचली. म्हटलं, "रफिकभाई, दोन्हीला एकच गिफ्टचा कागद लावा." म्हणजे उद्या कुणी बघितलंच, तर अण्णांची भेटवस्तू. शंका घ्यायला जागाच नाही.

रफिकभाईंनी दोन्ही पुस्तकं निळ्या चांदण्यांच्या कागदात बांधली आणि म्हणाले, "देखो साब, गडबड हो जाएगी." मी हसलो. म्हटलं, चार वर्षं वाट बघणारा माणूस मी, गडबड कसली करतोय?

बेत सोपा होता. घरी जायचं, लोखंडी कपाटात जुन्या लाईट बिलांच्या मागं पुस्तक सारायचं. रविवारी कार्यक्रम झाला की वैशाली आठ दिवस माहेरी राहणार होती. मी एकटा परत येणार, आणि मग मी आणि काळी नदी. पण घरी आलो तर वैशाली नेमकी त्या कपाटासमोर साड्यांना इस्त्री करत बसलेली. पुस्तकं गाडीच्या डिकीतच राहिली.

सकाळी निघताना तिनं डबा ठेवायला डिकी उघडली.

"अहो, ही दोन कशाला?"

"एक आपलं," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं मला खरंच माहीत नाही, "आणि एक आमच्या कचेरीतल्या साळवेसाहेबांचं. त्यांना यायला जमत नाही, म्हणून माझ्याजवळ दिलंय, कागदात मीच बांधून घेतलं."

"साळवेसाहेबांनी? अण्णांना?" वैशाली लई खूश झाली. "बघा, माणूस किती चांगलाय. तुम्ही उगं नावं ठेवता." आणि तिनं दोन्ही पुस्तकं आपल्या पिशवीत घालून पिशवी मांडीवर घेतली. लासूर येईपर्यंत ती काही खाली ठेवली नाही.

विहारात पोचलो. दारातच टेबल मांडलेलं. म्हटलं, "साळवेसाहेबांचं मी नंतर निवांत देतो." वैशाली म्हणाली, "नंतर कशाला? दुसऱ्याची वस्तू आहे, वेळेवर पोचायला पायजे." आणि टेबलावरच्या माणसाला स्वतः नावं सांगून आली. झालं. आता एकच आशा होती, गिफ्टचा कागद कुणी फोडणार नाही.

कार्यक्रम सुरू झाला. आधी त्रिशरण, पंचशील. सगळ्यांबरोबर मीही हात जोडून म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी जरा मोठ्यानंच म्हटलं, कारण वैशाली शेजारी होती.

मग गायकवाड गुरुजी उठले. अण्णांचे जुने सहकारी, सूत्रसंचालन त्यांच्याकडं होतं. आवाज खणखणीत. म्हणाले, "आता आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावरचे दोन शब्द मी आपल्यासमोर वाचणार आहे."

एकेक पुस्तक उघडत होतं. 'आपण आम्हांस घडवलंत.' टाळ्या. 'आपली छडी आजही आठवते.' हशा. आमचं बारवांचं निघालं, त्यावर वैशालीनंच सकाळी डिकीपाशी कागद सोडवून, सांगून लिहून घेतलेल्या दोन सभ्य ओळी होत्या. तिनं ते परत गुंडाळलंही होतं. टाळ्या. आणि मग निळ्या चांदण्यांचा दुसरा कागद फाटला.

"हे पुस्तक," गुरुजी म्हणाले, "छत्रपती संभाजीनगरहून श्रीयुत साळवेसाहेबांनी आवर्जून पाठवलं आहे. ते लिहितात..." आणि माईकवरून माझं अक्षर ऐकू यायला लागलं.

"अखेर आलास. चार वर्षं तुझी वाट बघितली. आजची रात्र लाईट बिलांच्या मागं गप पडून राहा. उद्या वैशाली माहेरी जाईल. मग आठ दिवस घरात फक्त तू आणि मी."

गुरुजींचा आवाज हळूहळू बारीक होत गेला, पण माणूस कर्तव्याला पक्का. त्यांनी शेवटची ओळही वाचली.

"तिला काही कळू द्यायचं नाही."

टाळ्या झाल्या नाहीत. पहिल्या रांगेतली एक मावशी शेजारणीला म्हणाली, "आपल्या वैशीचं नाव घेतलं का गं? ह्यो साळवे कोन?" ते मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

वैशालीनं माझ्याकडं मान वळवली. अठरा वर्षं माझ्या हातच्या किराणा याद्या वाचलेली बाई. आवाज गुरुजींचा होता, पण शब्द कुणाचे ते तिनं लाईट बिलांपाशीच ओळखलं असणार.

अण्णा खुर्चीतून उठले. अण्णा कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत, त्यामुळं जास्त भीती वाटते. माईकपाशी येऊन म्हणाले, "जावईबापू, हे साळवे तुमचेच साहेब ना? त्यांना जरा फोन लावा. माझ्या लेकीचं नाव पुस्तकावर लिहिणारा माणूस कोण आहे, विचारू तर द्या."

आता बघा माझी अवस्था. फोन लावला तर साहेब माझी बदली कुठल्या तालुक्याला करतील याचा नेम नाही. नाही लावला, तर बिचाऱ्या साहेबांची इज्जत गावभर. आणि शेजारी वैशाली, जिच्या नावावर दोनशे माणसं कुजबुजायला लागलेली.

मी उभा राहिलो. "अण्णा, ते पुस्तक साळवेसाहेबांचं नाही. माझं आहे. मीच लिहिलंय."

"कुणाला?"

"पुस्तकाला."

"पुस्तकाला?"

"व्हय."

अण्णांनी मला माईकपाशी बोलावलं. तिथं उभं राहून मी सगळं सांगितलं. बावीस पुस्तकं, कबुली, रफिकभाई, निळा कागद, डिकी. राणीच्या सावलीपाशी आलो तेव्हा मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग कुणाला आवरेना. मावशी म्हणाली, "म्हंजे बाईची भानगड नाय तर," आणि तिचा थोडा हिरमोड झाला असं मला वाटलं.

अण्णा हसले नाहीत. "बावीस न वाचलेली असताना तेविसावं?" त्यांनी विचारलं. वर्गात गृहपाठ न केलेल्या पोराला विचारतात तसं. "मग आता काय? परत पायजे का तुम्हाला?"

पायजे होतं हो. जीव तुटत होता. पण पंचशील म्हणून अर्धा तास झाला नव्हता आणि वैशाली बघत होती. म्हटलं, "नाही अण्णा. दिलं ते दिलं."

"शाब्बास. वाचायचं असलं तर वाचनालयातून मिळंल. नंबर लावा. आणि ती बावीस होईपर्यंत नवं विकत घेणार नाही, हे आता सगळ्यांसमोर म्हणा."

मी सगळ्यांसमोर म्हटलं.

आता गंमत बघा. ज्या पुस्तकासाठी जावयानं सासऱ्याच्या कार्यक्रमात एवढा खोटेपणा केला, त्यात आहे तरी काय, हे प्रत्येकालाच बघायचं होतं. चहापर्यंत नंबर लागून गेले. पहिले अण्णा, दुसरे गायकवाड गुरुजी, तिसरी वैशाली. मावशीला वाचता येत नाही, तिनं सुनेचं नाव घातलं. माझा नंबर अकरावा.

दुसरी प्रत? दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, रफिकभाईंकडं गेलो होतो. नवस-सायास केल्यासारखा उभा राहिलो. रफिकभाई म्हणाले, "दूसरी आवृत्ती आ जाएगी साब, पण तुमकू नै देता. मॅडम का फोन आया था."

ते आठ दिवस मी रिकाम्या घरात बावीसमधलं पहिलं पुस्तक वाचत काढले. आणि रोज संध्याकाळी अण्णांचा फोन. "जावईबापू, हा नावाडी कोण?" पाचव्या भागापासून वाचल्यावर कसं कळणार? शेवटी आधीचे चारही भाग मी स्वतः नेऊन वाचनालयाला दिले. त्यानंतर अण्णांना गोडी लागली आणि फोन वाढले. "त्या राणीच्या सावलीचं असंय बघा..." ते म्हणायचे, की मी ओरडायचो, "हॅलो, अण्णा, आवाज येत नाही," आणि फोन ठेवायचो.

मग वैशालीचा नंबर आला. तिनं तीन दिवसांत वाचलं, माझ्यासमोर बसून, माझ्याच खुर्चीत. त्यानंतर घरात माझं काही चालेना. "दळण आणता का?" "उद्या आणतो." "सांगू, सावली कुणी चोरली ते?" मी पिशवी घेऊन चालता व्हायचो. पण एक मानलं पायजे, तिनं सांगितलं मात्र नाही.

असे पाच-सहा महिने मी कान सांभाळले. लासूरला गेलो की पारावर बसत नव्हतो. एका लग्नात दोघंजण 'शेवटी ती राणीच...' असं बोलताना दिसले, तर जेवण अर्धं सोडून उठलो. बावीसपैकी एकोणीस वाचून काढली. आणि मागच्या रविवारी निरोप आला, तुमचा नंबर लागला.

सकाळीच गाडी काढली. विहारात गेलो, रजिस्टरवर सही केली, पुस्तक छातीशी धरलं. दहा हातांतून गेलेलं, कोपरे मऊ झालेले. म्हटलं, आधी आपल्या दोन ओळी बघू. पहिलं पान उघडलं. माझ्या ओळी तशाच होत्या. त्याखाली वाचनालयाचा शिक्का. आणि शिक्क्याखाली, आखीव-रेखीव, चाळीस वर्षं फळ्यावर घोटलेल्या अक्षरात:

'वाचकांच्या सोयीसाठी तात्पर्य: राणीने आपली सावली स्वतःच लपवून ठेवली होती. घरच्या माणसापासून काही लपवू नये.'

शिक्षकाचं अक्षर ते. मी डोळे मिटेपर्यंत वाचून झालं होतं.