पथ्यातली कळण्याची भाकरी

लग्नाला बारा वर्षं झाली होती, तेव्हा आमच्या यांच्या पायांना सूज आली. सकाळी उठले की डोळे इतके सुजलेले, की माणूस ओळखू येईना. मी बैलगाडी जुंपायला लावली आणि असोद्याहून जळगावला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी नळीत लघवी तापवून पाहिली आणि मला समोर बसवलं. "डाळीत, दुधात, मांसात जो कस असतो, त्यातलं लागेल तेवढं अंग घेतं. उरलेलं साठवून ठेवत नाही. मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. रोज जितकं आत, तितकं बाहेर. यांची मूत्रपिंडं थकलीत, म्हणून टाकाऊ ते रक्तातच साचतंय. डाळ बंद, दूध बंद, मीठ बंद. नाहीतर माणूस हातचा जाईल."

मी काय कमी होते! वरणाचं पातेलं पालथं घातलं. सासूबाई दुधाचा पेला घेऊन आल्या, त्यांनाही परतवलं. पण अंगात त्राण राहावं म्हणून दोन्ही वेळा कळण्याची भाकरी मात्र मी आग्रहानं खाऊ घालत होते. आमच्याकडे ज्वारीत अख्खे उडीद घालून दळतात, ते कळणं. घरात पीठ म्हणजे तेच. त्याची होते भाकरी. तिला डाळीत कोण धरतो?

पंधरा दिवसांत उलट्या सुरू झाल्या, तोंडाला लघवीसारखा वास येऊ लागला, उचकी थांबेना. पुन्हा जळगाव गाठलं. दवाखाना माणसांनी भरलेला.

"खायला काय देता?"

"नुसती भाकरी, डॉक्टरसाहेब. देवाशपथ."

"कशाची?"

मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, उडीद म्हणजे डाळच की! कुणाचं हे डोकं?"

तेवढ्यात हे बाकावरून म्हणाले, "मीच हट्ट धरला. ती नको नकोच म्हनत व्हती."

साफ खोटं! उभ्या जन्मात या माणसानं ताटात अमुक वाढ म्हणून मागितलं नव्हतं.

उडीद सुटले. साध्या ज्वारीवर नि भातावर हळूहळू उलट्या थांबल्या. पुढे चार वर्षं जगले. एकदा मी फाडकन विचारलं, "खोटं कशाला बोललात? माझ्या हातून जीव गेला असता तुमचा!"

"मंग काय," ते म्हणाले, "चार लोकांसमोर त्याले तुले बोलू देऊ?"

मी रागारागानं उठले आणि चुलीपुढे बसून पोटभर रडले.