आधी जुन्या गोळ्या

स्टोअरकाकांनी एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. एक नट इकडचा तिकडे होऊ दिला नाही, की ग्रीसचा एक डबा पडून खराब होऊ दिला नाही. जुना माल आधी, नवा मागून. निवृत्त झाले तरी हे काही अंगातून गेलं नाही. घरात कुणी बिस्किटांचा नवा पुडा आधी फोडला, तर दरोडा पडल्यासारखा चेहरा करत.

काकूंना हृदयाचा आणि रक्तदाबाचा त्रास सुरू झाला आणि त्यांच्या गोळ्या काकांच्या हाती आल्या, तेव्हा तर त्यांना पुन्हा स्टोअरच मिळालं. स्वयंपाकघरातला एक कप्पा त्यांनी मोकळा करून घेतला, तारखांप्रमाणे पाकिटं लावली.

"अहो, मी बायको आहे तुमची, गोदाम नव्हे," काकू म्हणायच्या.

मग काकूंच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी बदलून कमी ताकदीची दिली. काकांनी ते नीट ऐकलं, कागद वाचला, नवी पाकिटं आणली. पण कप्प्यात जुन्या अकरा गोळ्या शिल्लक होत्या. त्या संपवून मग नवी सुरू करायची, यात त्यांना काहीच वावगं दिसलं नाही. माणूस मूर्ख नव्हता हो! एकतीस वर्षं जे बरोबर ठरलं, ते आपल्याच घरात घात करेल, असं कुणाच्या मनात येईल?

नवव्या दिवशी सकाळी काकू ओट्याजवळ कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली.

काकू घरी आल्यावर दवाखान्यातल्या सिस्टर तपासायला येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी कप्पा उघडायला लावला. जुन्या पाकिटात दोन गोळ्या उरलेल्या, नवं पाकीट अजून बंदच. सिस्टर खुर्ची ओढून काकांसमोर बसल्या.

"काका, गोळी बदलली की जुनी घरात ठेवायचीच नाही. त्याच दिवशी दुकानात परत द्यायची."

"यामुळेच झालं का हे?"

"असू शकतं, काका. खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही."

त्या दिवसापासून काकांनी कप्प्याला हात लावला नाही. रक्तदाबाची गोळी आईसाठी येऊन राहिलेली लेक देऊ लागली, तर काकूंनी ओठ घट्ट मिटले. सिस्टरांनी गोडीगुलाबीने देऊन पाहिलं, तरी तेच. दोन दिवस गोळी पोटात गेली नाही आणि रक्तदाब चढू लागला.

"त्यांना तुमच्याच हातून हवीय," तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या.

"तिला ठाऊक नाही म्हणून, सिस्टर. ठाऊक असतं तर तिने माझं तोंडही पाहिलं नसतं."

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "मी सांगितलंय आईला. परवाच. सगळं."

काका कप्प्यापाशी गेले. मग चष्मा लावून त्यांनी पाकिटावरचं नाव डॉक्टरांच्या कागदाशी ताडून पाहिलं, ताकद पाहिली, लेकीकडून पुन्हा वाचून घेतली. पलंगाशी गेले. काकूंनी तोंड उघडलं. पण गोळी ओठांजवळ नेऊन काकांनी हात मागे घेतला, पुन्हा पाकिटावरचं नाव वाचायला. तेव्हा काकूंनी आपल्या डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि गोळी तोंडापर्यंत नेली.