आडनाव न विचारणारं हॉटेल

सुट्टीत कुठंही गेलो तरी स्वस्त आणि गावातल्याच माणसाचं हॉटेल शोधून काढण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं पुण्यातल्या माझ्या ऑफिसात सगळे म्हणतात. म्हणजे मीच ते इतक्यांदा सांगितलंय की आता तेही म्हणायला लागलेत. कोकणात जायचं असो की हिमाचलला, लोक निघण्याआधी माझ्या टेबलाशी येतात आणि मी खुर्चीत मागं रेलून त्यांना उपदेश करतो. फोनवरचे तारे बघू नका. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत शिरा, किराणावाल्याला विचारा की बाबा रे, तू स्वतः कुठं जेवतोस. जिथं घरची बाई रांधते आणि तीच वाढते, तिथं डोळे मिटून बसा. गावचा पैसा गावात राहिला पाहिजे, हे वाक्य मी शेवटाला ठेवतो. माझा स्वतःचा पैसा महिनाभर पुण्यातल्या मॉलमध्ये जातो, पण ते कुणी विचारत नाही.

एवढा मोठा तज्ज्ञ मी, पण माझ्या स्वतःच्या भंडारा जिल्ह्यात एकाही हॉटेलात कधी धड जेवलो नव्हतो. भंडाऱ्याला घर आहे, त्यामुळं गेलं की घरीच ताट वाढलेलं. मागच्या हिवाळ्यात चार दिवसांची रजा मिळाली. पोरांच्या परीक्षा होत्या म्हणून बायको पुण्यालाच थांबली आणि मी एकटा गेलो. बाबांना म्हटलं, गाडी आहे, चला, तुम्हाला जिल्हा दाखवतो.

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. सगळी नोकरी त्यांनी तलावांच्या नोंदी करत काढली, आधी सायकलवर आणि मग मोपेडवर. कोणत्या तलावाची पाळ कोणत्या साली फुटली, हे त्यांना पोरांच्या वाढदिवसापेक्षा चांगलं आठवतं. त्यांना मी जिल्हा दाखवणार होतो. ते हो म्हणाले, बहुधा माझी रजा वाया जाऊ नये म्हणून.

पहिल्या दिवशी साकोलीकडं गेलो. सानगडीच्या बाजारात मला हवं तसं हॉटेल लगेच सापडलं. बाहेर बाकडी, आत कढई, गिऱ्हाइकं सगळी बाजाराला आलेली. मी बाबांसाठी गाडीचं दार उघडलं. बाबा उतरले नाहीत. मला भूक नाही, तूच खाऊन ये, म्हणाले. मी आलूबोंडे खाल्ले, मालकाशी दोन शब्द बोललो, फोटो काढले. पुढं हायवेवर काचेचं एक मोठं एसी हॉटेल दिसलं आणि बाबांना एकदम भूक लागली.

तिथं त्यांनी मसाला डोसा मागवला आणि मग जिरा राइस. रस्त्याच्या कडेपर्यंत धान उभं राहतं अशा जिल्ह्यात बाहेरून आलेला बासमती खायचा, तोही अर्धा कच्चा, आणि वर बिल असं की शेतकऱ्यानं वाचलं तर धान सोडून हॉटेलच काढेल. मी मुकाट्यानं पैसे दिले. बाबांना म्हातारपणी ऐटीची हौस आली, असं मला वाटलं, आणि ते मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते डोसा खात राहिले.

गंमत अशी की नागपूरला जाताना शहापूर मागं पडून जिल्हा ओलांडला की याच बाबांना कुठलीही टपरी चालते. नागपुरात तर ते हातगाडीवरचे तर्री-पोहे उभ्या उभ्या खातात. मला हे लहानपणापासून माहीत होतं. पण माहीत असणं आणि डोक्यात प्रकाश पडणं या दोन गोष्टींमध्ये माझ्या बाबतीत पंचेचाळीस वर्षांचं अंतर आहे.

परत येताना मी गाडीत व्याख्यान सुरू केलं. गावचा पैसा, घरगुती चव, सगळं. बाबांनी ते बरंचसं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "तिथं आडनाव विचारतेत."

मी हसलो. आता कोण विचारतं, म्हटलं, आता फक्त स्कॅनर पुढं करतात. आजोबांनी नागपूरला जाऊन धम्म घेतला त्याला किती वर्षं झाली, जग कुठल्या कुठं गेलं, तुम्ही अजून मोपेडवरच बसलाय. बाबा खिडकीबाहेर बघत सांगू लागले. नोकरीच्या सुरुवातीला ते दौऱ्यावर एका गावात जेवायला बसले होते. मालकानं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि मग जेवण संपलं म्हणाला. समोर चुलीवर भाताचा भरलेला गंज वाफाळत होता. त्या दिवसापासून घरातून डबा. हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगतानाही आवाज चढवला नाही. मला मात्र राग आला, आणि तो त्या मालकावर यायच्या ऐवजी बाबांवरच आला. एका माणसापायी अख्खा जिल्हा उपाशी काढायचा म्हणजे काय.

मी पैज लावली. उद्या तुमसरकडं जायचं, मी एक चांगलं हॉटेल शोधणार आणि आधी एकटा आत जाणार. आडनाव विचारलं तर मी हरलो, मग जन्मभर तुमच्या काचेच्या हॉटेलात तुमच्यासोबत कच्चा बासमती खाईन. नाही विचारलं, तर तुम्ही उतरायचं आणि पोटभर जेवायचं. बाबांनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, ठीक आहे, पाहून ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाकाडोंगरीच्या अलीकडं, जंगल सुरू होतं त्या रस्त्याला मला ते सापडलं. टिनाचं छप्पर, शेणानं सारवलेली ओटी, खडूनं लिहिलेलं 'जेवण मिळेल'. खाणीकडचे दोन ट्रकवाले कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पिऊन ढेकर देत बाहेर पडत होते. आत पन्नाशीची बाई एकटीच, चुलीवर भात आणि माशाचं कालवण. माझे सगळे नियम एका छपराखाली गोळा झाले होते. ऑफिसातल्या ग्रुपवर काय लिहायचं, त्याचं पहिलं वाक्यही मी मनात जुळवलं.

बाईनं हात पुसले आणि कुठले म्हणून विचारलं. पुण्याचा, म्हटलं. मूळचे कुठले? मूळचे भंडाऱ्याचेच. तिनं कालवणावर झाकण ठेवलं.

"आडनाव काय म्हणावं, भाऊ?"

या प्रश्नाची उत्तरं माझ्याकडं तयार असतात. कॉलेजात असताना मी या विषयावर वक्तृत्वाचं बक्षीस घेतलंय. कशाला हवंय, असं विचारता आलं असतं. ताडकन उठून जाता आलं असतं. किंवा सगळ्यात सोपं म्हणजे आपलं आडनाव सांगता आलं असतं, दोन सेकंदांचं काम. मी ऑफिसातल्या माझ्या साहेबांचं आडनाव सांगितलं. चांगलं भारदस्त आहे, ते ऐकून पुढं कुणी काही विचारत नाही.

पैज जिंकायची होती म्हणून मी तसं बोललो, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते खोटं आहे. मी घाबरलो होतो. कालवणाचा वास येत होता आणि ते संपलं असं ऐकायची माझी तयारी नव्हती. आणि सराईतपणा म्हणाल तर तो होताच. पुण्यात फ्लॅट भाड्यानं घेताना एजंटानं माझं आडनाव चुकून दुसरंच ऐकलं होतं, आणि अकरा महिन्यांत मला ते दुरुस्त करायला वेळ झाला नव्हता.

बाईनं मान हलवली. मग चुलीपासून जरा बाजूला सरून, पाठ केलेलं सांगावं तसं ती म्हणाली, "मंग आधीच सांगून देते भाऊ, आमी बौद्ध आहो. मागं लोकं जेवाले बसले, अर्धं जेवले, अन् आतला फोटो दिसला तं ताटावरून उठून गेले. शिजलेलं अन्न फेकावं लागते, ते मनाले लागते. म्हणून विचारून घेते. चालत असन तं बसा."

आतल्या खोलीचा पडदा अर्धा सरकलेला होता. आत भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता. आमच्या भंडाऱ्याच्या घरात तो अगदी तसाच, दारातून आत शिरताना समोर दिसेल असा लावलेला आहे.

आता तरी बोलायला हवं होतं. बाई, आम्हीही तुमचेच, एवढं म्हटलं असतं तर तिनं मला मासा जास्त वाढला असता. पण मग आधीचं आडनाव कुठून आलं, हे सांगावं लागलं असतं. मी हसून, मोठ्या मनानं हात हलवला आणि म्हणालो की आम्हाला चालतं, आम्ही तसलं काही मानत नाही. हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलोय आणि प्रत्येक वेळी दात-ओठ खाल्लेत. माझ्या तोंडून ते फार सुरेख निघालं. बाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तुमच्यासारखे लोक कमी आहेत, भाऊ, असं ती म्हणाली, आणि तेही मी घेतलं.

गाडीपाशी आलो. बाबांनी काच खाली केली आणि विचारलं, "विचारलं काय?"

नाही, म्हणालो.

बाबा लगेच उतरले नाहीत. आधी त्यांनी खिशातून कंगवा काढला, गाडीच्या आरशात बघून केस विंचरले, शर्टाची वरची गुंडी लावली. ऑफिसरपुढं जाताना ते असं करायचे. मला वाईट वाटलं, पण भूकही लागली होती.

बाईनं दोन चकचकीत ताटं मांडली. मग फळीखालच्या खोक्यातून तिनं सीलबंद पाण्याच्या दोन बाटल्या काढल्या, त्यांच्यावरची धूळ पदरानं पुसली आणि एक बाबांपुढं, एक माझ्यापुढं ठेवली. खोकं जवळजवळ भरलेलं होतं. अशा पाहुण्यांची वर्दळ काही फार नसावी.

बाबा जेवायला लागले. सुरुवातीला काटे जपून काढत होते, मग हात मोकळा झाला. मासा कुठल्या तलावातला, त्यांनी विचारलं. बाईनं नाव सांगितलं आणि बाबा खुलले. त्या तलावाच्या पाळीची सगळी कुंडली त्यांनी मांडली, बाईचा सासरा त्या पाळीच्या दुरुस्तीवर मजूर होता हे निघालं, आणि बाबा तिथल्या मुकादमाच्या दारूचे किस्से सांगायला लागले. भात दुसऱ्यांदा घेतला. कालवणाचा रस वरून मागून घेतला. जिल्ह्यातल्या हॉटेलात बसून माझा बाप हसत हसत जेवताना मी पहिल्यांदा बघत होतो, आणि मला खरंच, मनापासून आनंद झाला. त्या आनंदात मी जवळजवळ विसरून गेलो की हे सगळं कशावर उभं आहे.

तिखट लागलं तेव्हा बाबांनी पुढ्यातली बाटली बघितली, मग कोपऱ्यातला माठ बघितला. बाटलीचं पाणी त्यांना आवडत नाही.

"बाई, मले माठातलं दे ना थंडगार."

"नाही काकाजी," ती अवघडून म्हणाली, "तुमच्या लोकांसाठी बाटली ठेवतो आमी."

बाबांचा घास ताटातच राहिला. त्यांनी पडद्याकडं बघितलं, आतल्या फोटोकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. फार वेळ नाही. नोंदवहीत एखादा आकडा खोडलेला दिसला की ते त्याच्याकडं जेवढा वेळ बघत असतील, तेवढाच. मग बाईकडं वळून त्यांनी आमचं आडनाव सांगितलं. आजोबांचं गाव सांगितलं. सरकारी फॉर्म भरताना सांगावं तसं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

बाई पळी हातात धरून उभी राहिली. तिनं माठातून स्टीलचा पेला भरला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो एका दमात संपवला आणि पुन्हा पुढं केला. तिनं तो पुन्हा भरला. मग बाबांपुढची बाटली उचलून तिनं खोक्यात परत ठेवली, आणि त्यांच्या ताटात न मागता तिसऱ्यांदा भात घातला.

माझ्याकडं आली तेव्हा तिनं पळी वरच धरली.

"अजून काही लागन काय, साहेब?"

काही नको, म्हणालो. कालवण तिखट होतं आणि मला ठसका लागला होता. माझ्यापुढची बाटली तिनं उचलली नव्हती. मी बाटलीचं सील तोडलं आणि पाणी प्यायलो.