रंगीचा बोकड

मी दोन बोकडांचं रक्त उलटसुलट नोंदवलं. वीसेक वर्षं झाली. तेव्हा मी शिरूरला खोली घेऊन राहायचो आणि गावोगाव हिंडून शेळ्यांचं रक्त गोळा करायचो. जुळी देणाऱ्या शेळ्यांची काही खूण रक्तात सापडते का, हे आमची पुण्याची प्रयोगशाळा शोधत होती.

यवतजवळच्या वस्तीवरचे बिरूआप्पा करडाचा कान दोन बोटांत धरून त्याच्या आईचं, आजीचं, पणजीचं नाव सांगत. लांबलांबचे लोक बोकड निवडायला त्यांना घेऊन जात. "डोळं फसत्यात, हात न्हाई फसत," असं म्हणत ते बोकडाच्या पाठीवरून हात फिरवत.

रंगी आणि चांदी या त्यांच्या दोन शेळ्यांना एकेक बोकड होता, आणि त्यातला एकच त्यांना कळपासाठी ठेवायचा होता. "रंगीचा ठिवतो. हिच्या घराण्यात समद्या जुळं देणाऱ्या."

"थांबा आप्पा, आधी रक्त बघू," मी म्हणालो आणि नळ्यांवर ऐटीत 'डावा', 'उजवा' लिहिलं.

"नावं लिवा की सायेब. ह्यो रंगीचा, त्यो चांदीचा."

"शास्त्रात नावं नसतात, आप्पा."

फॉर्मवर आईचं नाव लागतं, हे मला परतीच्या एसटीत आठवलं. डावा कुणाचा, ते मी खिडकीबाहेर बघत अंदाजानं ठरवलं.

निकाल आला: खूण चांदीच्या बोकडात. आमची पद्धत अजून कच्ची होती. माझा आवाज मात्र पक्का होता. आप्पा बराच वेळ रंगीच्या बोकडाशेजारी बसले. "तुमच्या मशिनीम्होरं माझा हात काय?" म्हणाले, आणि शुक्रवारच्या बाजारात त्यांनी तो खाटकाला दिला.

त्यानंतर कुणी बोकड निवडायला बोलावलं की ते म्हणत, "माझ्या हाताला आता कळंना. सायेबास्नी इचारा." लोक खरंच मला विचारत. मी खरंच सांगत असे.

पुढच्या हंगामात चांदीच्या बोकडाचं रक्त पुन्हा तपासलं. खूण नव्हती. वही उघडली, तर तिथं 'डावा', 'उजवा' एवढंच होतं; एसटीतला माझा अंदाज उलटा पडला होता, खूण रंगीच्याच बोकडात होती. त्यानंतर चार वेळा वस्तीवर गेलो. चारही वेळा आप्पांच्या घरचा चहा प्यायलो, पावसापाण्याचं बोललो आणि परत आलो. पाचव्या वेळी गेलो तेव्हा आप्पा जाऊन तेरा दिवस झाले होते.

मग मात्र सगळं भडाभडा सांगितलं, त्यांच्या बायकोला. सखूमावशी शेळ्यांपुढं पाला टाकत होत्या. ऐकून थांबल्या.

"म्हंजी त्यांचा हात बरुबर व्हता?"

"होय."

"मग मला कशाला सांगताय? ते जित्ते व्हते तवा तोंड शिवलं व्हतं का तुमचं?"